यूडीकोलनचे झाड

लहानपणी आम्हाला ताप आला की आई कपाटाच्या वरच्या फळीवरून एक बाटली खाली काढी. एरवी त्या बाटलीला हात लावायची आम्हा पोरांची प्राज्ञा नव्हती. वाटीभर गार पाणी, त्यात त्या बाटलीतले चार थेंब, आणि वडिलांच्या जुन्या धोतराच्या फाडलेल्या पट्ट्या. पट्टी कपाळावर पडली की गारव्याबरोबर एक वास येई. लिंबासारखा, पण लिंबाचा नव्हे. फुलासारखा, पण कुठल्या फुलाचा ते सांगता येऊ नये असा. मराठी मध्यमवर्गीय घरांतल्या एका अख्ख्या पिढीचा ताप या यूडीकोलनच्या वासात उतरलेला आहे. तुमच्यापैकी ज्यांची साठी उलटली असेल त्यांना हे वाचतानाच तो आला असेल, अशी माझी खात्री आहे.

पुढे योगायोग असा की, ज्या वासाने आमचा ताप उतरे त्याच वासाच्या पोटापाण्यावर माझा संसार झाला. रसायनशास्त्राची पदवी घेऊन मी मुंबईतल्या एका साबण-अत्तराच्या कारखान्यात लागलो आणि तिथेच निवृत्त झालो. काम नाकाचे. कागदाच्या पट्ट्या तेलांत बुडवायच्या, हुंगायच्या, आणि वहीत टिपणे करायची. पहिल्याच आठवड्यात साहेबांनी एक हिरवट तेलाची कुपी पुढे ठेवली. मी पट्टी नाकाशी नेली मात्र, आणि क्षणभर कपाळावर गार पट्टी आल्याचा भास झाला. कुपीवर लिहिले होते : बर्गमॉट.

बर्गमॉट हे एक फळ आहे, आणि ते इटलीच्या अगदी दक्षिण टोकाला पिकते, एवढे पुस्तकात वाचले होते. पस्तीस वर्षे मी त्याचे तेल हुंगले, मोजले, तोलले; पण फळ म्हणून पाहिले नव्हते. गेल्या डिसेंबरात आम्ही उभयता इटलीला निघालो तेव्हा माझा हट्ट एकच होता. सौभाग्यवतींना व्हेनिस पाहायचे होते. शेवटी तह झाला : व्हेनिसचे चार दिवस त्यांचे, दक्षिणेचे चार दिवस माझे.

रोमहून दक्षिणेकडे जाणारी गाडी पाच-सहा तासांत रेज्जो कालाब्रियाला पोहोचते. प्रवासाचा मोठा भाग समुद्राच्या कडेकडेने आहे. उजव्या हाताला पाणी, डाव्या हाताला डोंगर, आणि मधून मधून बोगदे. कोकण रेल्वेची आठवण व्हावी असा. रेज्जोच्या थोडे अलीकडे व्हिला सान जोव्हान्नी नावाचे स्टेशन आहे. तिथे एक मौज पाहायला मिळते. सिसिलीला जाणाऱ्या गाडीचे डबे सुटे करून सरळ बोटीच्या पोटात ढकलतात, आणि उतारूंसकट ती गाडी समुद्र ओलांडते! सामुद्रधुनी अरुंदातल्या अरुंद ठिकाणी तीन किलोमीटरांहून थोडी जास्त रुंद आहे. आमची गाडी मात्र जमिनीवरूनच पुढे गेली, याची मला थोडी खंत वाटली.

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो हे आपण शाळेत शिकतो. रेज्जो हे त्या बुटाच्या चवड्यावर आहे. समोर पाण्यापलीकडे सिसिली, आणि हवा स्वच्छ असेल तर एटना ज्वालामुखीचे बर्फाळ शिखर. कधी कधी शांत उकाड्याच्या दिवशी पलीकडचा किनारा हवेत उचलल्यासारखा, अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो म्हणतात. त्या मृगजळाला ‘फाता मोर्गाना’ असे नाव आहे. आम्ही डिसेंबरात गेलो, त्यामुळे सिसिली आपल्या जागीच होती.

शहर तसे जुने, ग्रीकांनी वसवलेले. पण इमारती जुन्या नाहीत. रस्ते सरळ, एकमेकांना काटकोनात छेदणारे. कारण विचारले तर लोक एकच तारीख सांगतात : २८ डिसेंबर १९०८. त्या दिवशी पहाटे भूकंप झाला, पाठोपाठ समुद्र चालून आला, आणि रेज्जो व पलीकडचे मेस्सिना ही दोन्ही शहरे जमीनदोस्त झाली. माणसे हजारोंनी, दहा-दहा हजारांनी गेली. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्यांना आठवते त्यांना याहून अधिक सांगायला नको. संग्रहालयात १९७२ साली समुद्रात सापडलेले दोन ब्राँझचे ग्रीक योद्धे उभे आहेत. ते पाहायला जगातून माणसे येतात. आम्हीही पाहिले. अडीच हजार वर्षांपूर्वीचे ते पुतळे इतके जिवंत आहेत की सौ.ने पदर सावरला.

पण माझे लक्ष बागांकडे. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही किनाऱ्याने पुढे जाणारी लहान गाडी पकडली. कोंदोफुरीच्या बाजूला एका बागाईतदाराशी माझ्या एका जुन्या व्यवसायबंधूने ओळख करून दिली होती. हा सारा टापू पाहण्यासारखा आहे. एकीकडे आस्प्रोमोन्ते डोंगर, एकीकडे समुद्र, आणि मध्ये चिंचोळी पट्टी. डोंगरातून रुंद, पांढऱ्या गोट्यांनी भरलेल्या नद्या खाली येतात. वर्षभर कोरड्या, आणि पाऊस झाला की बेफाम. त्यांनी आणलेल्या गाळावर या बागा उभ्या आहेत. डोंगरातल्या काही खेड्यांतून अजून ग्रीक भाषेची एक जुनी बोली बोलणारी म्हातारी माणसे आहेत.

जगातल्या बर्गमॉटपैकी बहुतेक सारे या एका जिल्ह्याच्या किनारपट्टीवर पिकते. झाड दुसरीकडे जगत नाही असे नाही. आयव्हरी कोस्टमध्ये, तुर्कस्तानात ते लावले गेले आहे. पण इथल्या तेलाला जो वास आहे तो तिथल्या तेलाला येत नाही, असे इथली माणसे छातीवर हात ठेवून सांगतात. मी स्वतः हुंगून सांगतो, त्यात बढाई थोडी आणि सत्य पुष्कळ आहे. हापूस सगळीकडे लागतो. पण देवगडचा तो देवगडचा.

बागाईतदार माझ्याच वयाचा, पंचाहत्तरीचा, काटक माणूस. त्याला इंग्रजी येत नव्हते. सून शाळेत इंग्रजी शिकवते, ती दुभाषी झाली. इटलीत शिकल्यासवरल्या दिसणाऱ्या माणसाला ‘दोत्तोरे’ म्हणायची पद्धत आहे. तो मला पहिल्यापासून दोत्तोरेच म्हणू लागला, आणि मीही दुरुस्ती केली नाही.

झाड पाहून प्रथमदर्शनी, खरे सांगू, माझी थोडी निराशाच झाली. दीड-दोन पुरुष उंचीचे, संत्र्याच्या झाडासारखे झाड. फळ मोसंब्याएवढे, काही हिरवी, काही लिंबासारखी पिवळीधमक, टोकाशी किंचित बोंडी आलेली. बागेत वाससुद्धा फारसा नव्हता. म्हाताऱ्याने एक फळ तोडले, अंगठ्याच्या नखाने साल जराशी ओरबाडली आणि माझ्या नाकाशी धरले.

यापुढे काय लिहू? पस्तीस वर्षे एखाद्या गवयाच्या तबकड्या ऐकाव्यात आणि एके दिवशी तो समोर बसून गाऊ लागावा, तसे झाले.

सौ.ने फळ हातात घेतले, हुंगले, आणि तिचा निर्णय तिथल्या तिथे दिला : “अहो, याचं साखरलिंबू छान होईल.”

आता या फळाची जात. याची वंशावळ शास्त्रज्ञांनी गेल्या काही वर्षांत जनुके तपासून लावली आहे, आणि ती आपल्या ओळखीच्या घराण्यांतली आहे. लिंबू-संत्र्यांच्या या प्रचंड कुळात मूळपुरुष थोडेच. त्यांतले तीन आपल्या पक्के परिचयाचे : पपनस, संत्रे आणि महाळुंग. कोल्हापूरच्या महालक्ष्मीच्या हातात जे फळ आहे ते हेच महाळुंग. पपनस आणि संत्रे यांच्या संकरातून आंबट, कडवट नारिंग झाले. त्या नारिंगाचा महाळुंगाशी संबंध आला आणि युरोपात चालते ते मोठे पिवळे लिंबू जन्मले. (आपले कागदी लिंबू ते नव्हे, ते निराळे, पण महाळुंग त्याच्याही घरात आहे.) आणि मग या लिंबाचा पुन्हा नारिंगाशीच संकर झाला, त्यातून आमचे बर्गमॉट. म्हणजे नारिंग हे त्याचे एका बाजूने आजोळ आणि दुसऱ्या बाजूने सरळ जन्मदाते! आपल्याकडे असे लग्न जमवायला कोणी भटजी धजला नसता. झाडांना गोत्राची फिकीर नसते, आणि फळ तर असे गोमटे निघाले.

नावाचीही एक गंमत आहे. कोणी म्हणतात हे नाव उत्तर इटलीतल्या बेर्गामो गावावरून पडले. कोणी म्हणतात तुर्कीतल्या ‘बेग-आर्मुदी’वरून, म्हणजे बेगसाहेबांची नाशपाती. हा ‘आर्मुद’ आणि फारशीतला ‘अमरूद’ एकच. उत्तर हिंदुस्थानात त्याच अमरूदाचा पेरू झाला. फळांची नावे अशी देशोदेशी भटकत असतात आणि भलत्याच्याच अंगावर जाऊन बसतात.

या किनाऱ्यावर बर्गमॉटची पहिली पद्धतशीर बाग १७५० साली लागली असे सांगतात. पण त्याच्या तेलाची कीर्ती त्याआधीच उत्तरेला पोहोचली होती. जोव्हान्नी मारिया फारिना नावाचा इटालियन अत्तरवाला जर्मनीतल्या कलोन शहरी जाऊन राहिला आणि तिथे त्याने एक हलके, ताजे सुगंधी पाणी तयार केले. त्याची पेढी १७०९ ची. शहराच्या नावावरून ते ‘कलोनचे पाणी’, फ्रेंच भाषेत ‘ओ द कोलोन’, आणि आमच्या आईच्या भाषेत यूडीकोलन. अर्ल ग्रे नावाचा जो वासाचा चहा हल्ली आपल्याकडेही मिळतो तो वासही याच तेलाचा. हे अर्ल ग्रे १८३० ते १८३४ या काळात इंग्लंडचे पंतप्रधान होते. कोणा चिनी अधिकाऱ्याने त्यांना ही कृती कृतज्ञतेने दिली अशी कथा सांगतात; गृहस्थ चीनला कधी गेलेच नव्हते.

तेल असते सालीत. संत्र्याची साल डोळ्यांपुढे चिमटली की झोंबणारा फवारा उडतो, तेच ते. पूर्वीची रीत अशी की, फळ मधोमध कापायचे, चमच्यासारख्या हत्याराने गर खरवडून काढायचा, आणि सालीची वाटी स्पंजावर दाबून फिरवायची. स्पंज तेल पितो. तो मातीच्या भांड्यावर पिळायचा. हे काम माणसे रात्र रात्र बसून करीत. १८४४ साली रेज्जोच्याच निकोला बारिल्ला नावाच्या माणसाने यंत्र काढले. अख्खे फळ त्यात फिरते आणि साल वरच्यावर खरवडली जाते. आजची यंत्रे त्याचीच नातवंडे. जवळच्या कारखान्यात आम्ही पाहिले : फळे धुतली जातात, पाण्याच्या धारेखाली त्यांची साल खरवडली जाते, आणि मग ते पाणी गरगर फिरवून तेल वेगळे काढतात, लोणी निघावे तसे. उष्णता कुठेच नाही. साधारण दोनशे किलो फळांतून एक किलो तेल निघते. हंगामाच्या सुरुवातीचे, नोव्हेंबर-डिसेंबरातले तेल हिरवे; पुढे फळ पिकेल तसे पिवळे होत जाते.

एक इशारा ओघात देऊन ठेवतो. या तेलात बर्गाप्टेन नावाचे एक द्रव्य आहे. ते कातडीवर असताना ऊन लागले तर तिथे काळे डाग पडतात. जुन्या बायकांच्या मानेवर कोलनच्या ओघळांचे असे डाग दिसत. हल्ली अत्तरासाठी ते द्रव्य काढून टाकलेले तेल वापरतात. तरी घरात जुनी कुपी असेल तर लावून उन्हात जाऊ नये.

दुपारी जेवायला थांबायचा आग्रह झाला. पाव, ऑलिव्ह, चीज, घेवड्याची उसळ म्हणता येईल असा एक पदार्थ, आणि बर्गमॉटच्या पातळ चकत्यांवर मीठ व ऑलिव्ह तेल घालून केलेली कोशिंबीर. चव आंबट, मागाहून कडू; पहिल्या घासाला तोंड वाकडे होते आणि दुसरा घास आपसूक घेतला जातो. जेवणे झाल्यावर म्हाताऱ्याने कपाटातून दोन लहान कुप्या आणल्या. हसत हसत सुनेला म्हणाला, दोत्तोरेंना विचार, यातली कोणती आमची? येणाऱ्या प्रत्येक पाहुण्यावर तो हा खेळ करीत असावा.

मी पहिली हुंगली. अस्सल. दुसरी हुंगली आणि गप्पच झालो. परक्या घरात आपल्याच हस्ताक्षरातले जुने पत्र सापडावे तसे मला वाटले.

आता हे सांगितलेच पाहिजे. १९८४ साली आमच्या कारखान्यात बर्गमॉटचा खर्च डोईजड होऊ लागला. परदेशी माल, परवान्यांची कटकट. साहेबांनी मला बोलावून सांगितले, यावर काहीतरी काढा. मी काढले. बर्गमॉटच्या तेलात लिनालिल ॲसिटेट आणि लिनालूल ही दोन द्रव्ये मुख्य; ती कारखान्यात करता येतात. संत्र्याच्या सालीचे स्वस्त तेल त्यांच्या जोडीला घातले, आणखी दोन-तीन जिनसा घातल्या, आणि सहा महिन्यांत असा वास जमवला की गिऱ्हाइकाच्या नाकाला पत्ता लागू नये. लागलाही नाही. मला बढती मिळाली. घरी आम्ही पेढे वाटले. त्याच पैशांत पहिला फ्रिज आला.

मी एकटाच असे करीत नव्हतो. जगभर हेच चालले होते. कित्येक व्यापारी तर अस्सल तेलातच कारखान्यातले तेल मिसळून ते अस्सल म्हणून विकत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या किनाऱ्यावरच्या बागा झपाट्याने कमी झाल्या. भेसळ पकडायची खात्रीची रीत मागाहून हाती आली. ती रीत सुंदर आहे. आपले डावे-उजवे हात जसे सारखे असून एकमेकांवर चपखल बसत नाहीत, तसे या द्रव्याच्या कणांचेही डावे-उजवे असतात. झाड जवळजवळ एकाच बाजूचे कण बनवते. कारखान्यात दोन्ही निम्मेनिम्मे होतात. यंत्राने ते वेगळे करून दाखवले की चोर सापडला. रेज्जोत १९१८ पासून सुगंधी तेलांची सरकारी प्रयोगशाळा आहे, आणि २००१ पासून इथल्या तेलाला युरोपात नावाचे संरक्षणही मिळाले आहे; आपल्या दार्जिलिंगच्या चहासारखे.

पण त्या क्षणी यांतले काही सुचले नाही. मी नुसते बोट दाखवले : ही तुमची, ही नव्हे. म्हातारा खूश झाला. कसे ओळखले, म्हणाला. मी सौ.कडे पाहिले. ती म्हणाली, “सांगा की. एवढ्या लांब आलात ते काय नुसती फळं बघायला?”

सांगितले. सुनेने भाषांतर करायला जरा वेळच घेतला. म्हातारा ऐकत होता. हसू हळूहळू मावळले. मग त्याने एकच विचारले : कोणत्या साली? मी म्हटले, १९८४. त्याने खिडकीतून समुद्राकडे हात केला. तिथे तीनमजली चार इमारती उभ्या होत्या, वरचा मजला अर्धवट, गच्चीतून गंजक्या सळया वर आलेल्या. ती खालची बाग, तो म्हणाला, माझ्या वडिलांनी त्याच सुमारास विकली. झाडे तोडताना ते घरातून बाहेर आले नाहीत.

मी काय बोलणार? मग त्याने विचारले, तुमच्या कारखान्याला वर्षाला किती तेल लागे? मी म्हटले, चाळीस किलो. तो बोटांवर हिशेब करीत पुटपुटला. आठ टन फळे. पुन्हा एकदा हिशेब केला. मग उठला, कॉफीचे भांडे चुलीवर ठेवले, आणि पाठमोराच सुनेला काही तरी म्हणाला. ती म्हणाली, “ते विचारताहेत, दोत्तोरे साखर किती घेतात?”

त्या अवघडलेल्या घरातून आम्हाला सोडवले ते सौ.ने. तिने पदर खोचला, सुनेला बरोबर घेतले, आणि स्वयंपाकघरात आठ-दहा बर्गमॉट चिरायला घेतली. मीठ चोळले, साखर घातली, तिखट तिथल्याच लाल मिरचीचे. कालाब्रियाचे लोक तिखटात आपल्या कोल्हापूरकरांना हार जाणार नाहीत. बरणी उन्हात ठेवायची, रोज हलवायची, महिना झाल्याशिवाय उघडायची नाही, अशी ताकीद देऊन आम्ही निघालो. म्हातारा स्टेशनपर्यंत सोडायला आला. गाडी येईपर्यंत तो मला कलमांविषयी विचारीत होता. आमच्याकडे नागपूरची संत्री जंबेरीच्या खुंटावर डोळे भरून करतात हे ऐकून त्याला नवल वाटले. बर्गमॉटचा डोळा ते आंबट नारिंगाच्या खुंटावर भरतात. गाडी सुटताना त्याने माझ्या कोटाच्या खिशात एक फळ घातले. ते आणता येत नाही, कायदा आहे. रोमला खोलीच्या खिडकीत ते ठेवून आलो.

फेब्रुवारीत त्या सुनेचा निरोप आला. लोणचे उघडले आहे. सासरे ते चीजबरोबर खातात, आणि शेजाऱ्यांना देण्याएवढे आणखी घालायचे म्हणतात. तरी दहा फळांना मीठ किती ग्रॅम आणि साखर किती ग्रॅम, ते बाईंना विचारून कळवावे.

सौ.ला विचारले. ती म्हणाली, “ग्रॅम कसले? अंदाजानं.”

तेव्हा सध्या आमच्या स्वयंपाकघरात प्रयोगशाळेतला माझा जुना तराजू आला आहे. ती मुठीने मीठ टाकते, आणि मी ते परत गोळा करून तोलतो.